कात्रजच्या जुन्या घाटात बाबांची स्पिटफायर ठोकली गेली, दुरुस्ती कशी आणि कुठे? (मदत हवी)

चोक_ओढा (धागाकर्ता), रविवार रात्री १०:५२

मंडळी नमस्कार, एरवी मी इथे वाचनमात्रच असतो पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आमच्याकडची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, १९६८ची, आज सकाळी कात्रजच्या जुन्या घाटात कठड्यावर गेली. मी ठीक आहे, आधीच सांगतो, छातीवर पट्ट्याचा वळ उठलाय आणि मान आखडलीये, एक्सरे काढून झाला, बाकी काही नाही.

झालं असं की खेड शिवापूरला मिसळ खाऊन परत येत होतो, हायवेवर ट्रकांच्या मधून ही बुटकी गाडी काढायची म्हणजे जीव मुठीत म्हणून नेहमीसारखा जुन्या बोगद्याकडून आलो. बोगदा ओलांडल्यावर उतारावर एक उजवं वळण आहे, तिथे कुठल्या तरी टिपरने बारीक कच सांडून ठेवलेली, अख्ख्या लेनभर, सावलीत असल्यामुळे दिसतही नव्हती. तिसरा गिअर, चाळीसच्या आसपास वेग. मागचं डावीकडे निघालं, मी स्टिअरिंग उलटं फिरवून सावरलं, तेवढ्यात चाकांनी एकदम पकड घेतली आणि गाडी डावीकडे फेकली गेली, डावा पुढचा कोपरा सरळ दगडी कठड्यावर.

आता नुकसान. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी, हिचं बॉनेट म्हणजे दोन्ही मडगार्ड, नाक, हेडलाइट सगळं एकसंध आणि ते अख्खं पुढच्या बाजूला उलगडतं. ते डावीकडून वीतभर आत गेलंय, हेडलाइटची रिंग तेवढी शाबूत आणि आत काचेचा चुरा. डावं पुढचं चाक मागे सरकून वरच्या बाजूने आत झुकलंय. बंपर वाकडा. रेडिएटर खालच्या टाकीपाशी थेंब थेंब गळतोय. पुढची काच, दरवाजे, मागची बाजू ठीक दिसतायत. क्रेनवाला पुढून हुक अडकवून ओढायला निघाला होता, त्याच्याशी भांडून फ्लॅटबेड मागवला. चढवायच्या आधी इंजिन क्षणभर चालू करून बघितलं, पहिल्या फटक्यात चालू, ऑइल प्रेशर नेहमीचं.

आणि एक गंमत. जिथे पत्रा फाटलाय तिथे निळ्या रंगाखाली प्रायमर, त्याखाली दुसरा निळा, आणि त्याखाली चक्क दोन सूत जाडीची लांबी (पुट्टी), बिस्किटासारखी तुकड्यातुकड्यांनी गळून पडली. म्हणजे हा कोपरा पूर्वी कधीतरी ठोकलेला आहे. बाबांनी १९८१ला मुंबईत घेतली तेव्हापासून तरी नाही, त्यामुळे आधीच्या मालकाचा प्रताप.

गाडी सध्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये आहे. तिथल्या डेंटरने भोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "साहेब, चासी गेली. हेरल्डची चासी कुठे मिळाली तर टाकून देऊ, नाहीतर काढून टाका." (हेरल्ड म्हणजे ट्रायम्फचीच दुसरी गाडी.) अंदाजे पाच लाख म्हणतोय, रंग धरून. बाबा ७९ वर्षांचे, त्यांना घाबरत घाबरत सांगितलं तर त्यांनी फक्त इंजिन चालू होतंय का विचारलं आणि हो म्हटल्यावर पुन्हा पेपरात डोकं घातलं. आई मात्र गेली चाळीस वर्षं ज्या बातमीची वाट बघत होती ती मिळाल्यासारखी दिसत होती.

विचारायचं ते हे, चासी खरंच गेली हे नुसतं बघून कळतं का? पुण्यात हे काम कोण करतं? बॉनेट इंग्लंडहून मागवावं की इथे ठोकून घ्यावं? कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी आहे, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सहा लाख.

सदाशिव_नंदी, रविवार रात्री ११:०५

जिवावरचं चाकावर निभावलं, हे उत्तम. बाकी पुण्यात राहून मिसळ खायला खेड शिवापूरला जाणाऱ्या माणसाला घाटाने अडवलं तर त्यात घाटाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ह. घ्या.

फोटो टाका की राव. फोटोशिवाय धागा म्हणजे तर्रीशिवाय मिसळ.

घाटमाथा_९६, रविवार रात्री ११:३१

वळणात थ्रॉटल सोडलास का? स्पिटफायरची जुनी खोड आहे ती. मागचे अर्धे अ‍ॅक्सल डिफरन्शियलपाशी हलतात, बाहेर चाकापाशी नाही, आणि आडवा पाटा (पानांची स्प्रिंग) वरून सगळं धरून ठेवतो. वळणात मागचं वजन अचानक हलकं झालं, म्हणजे पाय काढला किंवा ब्रेक लावला, की मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि टायर नुसता कडेवर उभा राहतो. मग पकड शून्य. कंपनीने १९७०च्या शेवटी मार्क ४ आणताना हे सुधारलं, पाट्याची बहुतेक पानं मधोमध हलती ठेवली त्यामुळे शरीर झुकलं तरी चाक फार दुमडत नाही, आणि पुढे अँटीरोल बार जाड केला. आता सगळं उघडणारच आहेस तर तो मार्क ४चा पाटा आणि बार बसवून टाक, दोन्ही एकत्र, नुसता पाटा नको.

चोक_ओढा, रविवार रात्री ११:४०

@घाटमाथा, नाही हो, पाय होता तसाच होता, त्या गाडीत घाटात पाय काढायचा नाही हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवतात. कच नसती तर काही झालं नसतं. टायरही नवे आहेत, वॅगनआरचे १४५/८० आर १३, मापात बसतात.

भोसरी_लेथ, सोमवार सकाळी ७:१५

चासी गेली हे नुसतं बघून सांगणाऱ्या डेंटरला आधी नमस्कार सांग आणि गाडीला कोणालाही हात लावू देऊ नकोस. ओढायची नाही, गरम करायची नाही, बॉनेट उतरवायचं नाही.

हेरल्डची चासी हा विषय पहिल्यांदा डोक्यातून काढ. दोन्ही गाड्या एकाच घरातल्या, डिझाइन त्याच मिकेलोत्तीचं, पुढचं सस्पेन्शन एकाच कुळातलं, हे सगळं खरं आहे, म्हणूनच त्या डेंटरच्या डोक्यात ते आलं. पण हेरल्डचा व्हीलबेस साडेएक्क्याण्णव इंच आणि स्पिटफायरचा ८३. हेरल्डच्या चासीला बाजूला फाटे आहेत आणि तिचं अख्खं शरीर त्या फाट्यांवर बसतं. स्पिटफायरची चासी म्हणजे मधला कणा फक्त, फाटे नाहीत, बाजूचा जोर दरवाज्याखालच्या पत्र्याच्या पेट्यांवर, म्हणजे सिलवर आहे. एकीची दुसरीला बसवायची म्हणजे साडेआठ इंच कापून मधोमध जोड. असल्या जोडावर बसून मी कात्रज काय, दगडूशेठलाही जाणार नाही.

आता माप कसं घ्यायचं ते सांगतो, यात काही उघडावं लागत नाही. सपाट फरशी हवी, कोबा पण चालेल. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर सारख्या उंचीला. चासीला कारखान्यातून आलेली भोकं आणि बोल्ट असतात, डावं-उजवं सारखं. त्यातली पुढची जोडी आणि मागची जोडी धर, शक्य असेल तर मधलीही. प्रत्येकाखाली ओळंबा सोड, हलायचा थांबला की टोकाखाली फरशीवर खडूने फुली. मग गाडी बाजूला काढ आणि फरशीवरच्या फुल्या टेपने मोज. कर्ण सारखे आले, डाव्या-उजव्या बाजू सारख्या आल्या तर चासी चौकोनात आहे. वरखाली पीळ बघायला त्याच जागांची फरशीपासून उंची मोज. दीड तासाचं काम आहे आणि याला पाच लाख लागत नाहीत.

शिवाय दरवाज्यांच्या फटी बघ. हिच्यात टप नाही, छप्पर नाही, त्यामुळे शरीर जरा हललं तरी फट लगेच बोलते. वरची फट आणि खालची फट सारखी आहे का, दरवाजा उघडताना जड जातो का, डावा आणि उजवा दोन्ही.

रेडिएटरवाली, सोमवार सकाळी ९:४४

लेथकाकांना +१.

रेडिएटरचं सांगते, जुना तांब्या-पितळेचा आहे तो फेकू नका, खालच्या टाकीचा डाग (सोल्डरचा जोड) सुटला असेल तर पुन्हा लावता येतो. नाना पेठेच्या बाजूला अजून दोन-तीन म्हातारे कारागीर आहेत जे टाकी उघडून, रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून साफ करून), पाण्यात बुडवून हवा मारून तपासून देतात. अ‍ॅल्युमिनियमचा नवा घ्या म्हणून सगळे मागे लागतील.

पण मुख्य मुद्दा वेगळा. माझ्या वडिलांकडे हेरल्ड होती, मद्रासला बनलेली. पुढच्या चाकाचा जो उभा दांडा असतो तो खाली पितळेच्या ट्रनियनमध्ये आट्यांनी बसलेला असतो आणि स्टिअरिंग वळवलं की त्या आट्यांवर फिरतो. त्यात ऑइल घालायचं असतं, ९० नंबरचं गिअर ऑइल. आपल्याकडे सगळे मेकॅनिक निप्पल दिसलं की ग्रीस मारतात. ग्रीस सुकून बसतं, पाणी आत राहतं, आटे गंजतात, आणि एके दिवशी हळू वेगात दांडा तुटून चाक आडवं. आमचं डेक्कनला सिग्नलपाशी झालं होतं. तुमच्या त्या डाव्या चाकाला एवढा मार बसलाय, तो दांडा वरून कितीही सरळ दिसला तरी परत लावू नका. आणि तो सरळ करून देतो म्हणणाऱ्याच्या गॅरेजमधून गाडी काढा.

चोक_ओढा, सोमवार सकाळी १०:०२

@रेडिएटरवाली ताई, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी कपाटातून मॅन्युअल काढून ते पान उघडून समोर ठेवलं, त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय "ग्रीस नाही!!" ताई जिंकल्या.

भोसरी_लेथ, सोमवार सकाळी १०:२०

दांडे दोन्ही बाजूंचे नवे घ्या, डाव्याचे आटे उलटे असतात हे ऑर्डर देताना विसरू नका. उजवा ठेवायचाच असेल तर निदान डाय पेनेट्रंट करून घ्या, भोसरीत करतात, लाल रंग मारायचा, पुसायचा, डेव्हलपर मारायचा, चीर असेल तर लाल रेघ उमटते.

व्यवहारी, सोमवार दुपारी १:१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची गाडी, एअरबॅग नाही, एबीएस नाही, घाटात मागचं चाक पोटाखाली जातं असं इथलेच जाणकार म्हणतायत. विमा कंपनीकडून सहा लाख घ्या, भंगार ज्याला हवं त्याला द्या, आणि वडिलांना एखादी ऑटोमॅटिक घेऊन द्या. भावना वगैरे ठीक आहे पण हिशोब हिशोबाच्या जागी.

सदाशिव_नंदी, सोमवार दुपारी १:१४

व्यवहारीबुवा, तुमचा वाडा बिल्डरला कधी दिलात?

विमाबाबा, सोमवार दुपारी ३:३५

मी या धंद्यात होतो, निवृत्त. व्यवहारींच्या हिशोबातच घोळ आहे म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, तुमची गाडी विम्याच्या भाषेत विंटेज नाही. टॅरिफप्रमाणे ३१ डिसेंबर १९४०च्या आधी बनलेली आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडीच विंटेज, आणि आधीच ठरवलेल्या किमतीची पॉलिसी तिच्यासाठी. तुमची साधी खाजगी गाडी, पाच वर्षांच्या वरची, त्यामुळे आयडीव्ही तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवलेली.

आता नीट वाचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. सहा लाखांचे ७५ टक्के म्हणजे साडेचार. तुमच्या डेंटरने लिहून दिलंय पाच. तो कागद विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या हातात पडला की गाडी कागदावर मेली, मग ती परत मिळवायची तर भंगाराची किंमत वजा करून घ्यायची, आरसी रद्द करण्याचं लचांड, वर्षभर चकरा. म्हणजे "चासी गेली" हे दोन शब्द खरे असोत वा खोटे, तुम्हाला दीड-दोन लाखांना नाही तर गाडीला पडतात. ते मापाशिवाय एस्टिमेटमध्ये येऊ देऊ नका.

दुसरं, घसारा. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसणारच या वयाला. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या नव्या भागांवर ५० टक्के कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवरही ५०. फायबरग्लासवर ३०. काचेवर काही नाही. आणि मजुरीवर घसारा नाही. म्हणजे इंग्लंडहून दोन लाखांचं बॉनेट आणलंत तर त्यातले एक तुमच्या खिशातून, पण तेच जुनं बॉनेट कारागिराने महिनाभर ठोकून सरळ केलं तर ती सगळी मजुरी. जुन्या गाडीला क्लेममध्ये दुरुस्ती परवडते, बदली नाही, नव्या गाडीच्या बरोब्बर उलट.

सर्व्हेअर येईपर्यंत एक बोल्टही काढू नका. माप घ्या, फोटो काढा, त्या कचेचाही फोटो असेल तर उत्तम.

व्यवहारी, सोमवार दुपारी ४:०२

हे ७५ टक्क्यांचं माहीत नव्हतं. मागे घेतो.

नंदी, तो वाडा भावकीत अडकलाय, बिल्डर घेतच नाही.

पेठेतला_पाना, सोमवार संध्याकाळी ६:५०

आरटीओची बाजू कोणी मांडली नाही. जुलै २०२१ला केंद्राने विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी काढली, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वरची दुचाकी-चारचाकी, नंबरात व्हीए येतं. फी वीस हजार, दहा वर्षांसाठी, मग नूतनीकरण पाच हजार. १९६८ची गाडी त्यात बसते. फक्त दोन गोष्टी. एक, व्हीए घेतलं की रोजच्या वापराला बंदी, रॅली, प्रदर्शन, त्यासाठी जा-ये, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढंच. मिसळ बसत नाही त्यात. दुसरी, नियमात गाडी मूळ स्वरूपात हवी असं स्पष्ट आहे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे हेरल्डची चासी घातली तर तो दरवाजा कायमचा बंद, आणि तशीही आरसीवरच्या माहितीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात अडकतो.

आणि ती बल्कहेडवरची (इंजिनामागच्या पत्र्यावरची) छोटी कमिशन प्लेट, एफडीने सुरू होणारा नंबर असेल मार्क ३ असेल तर, ती आत्ता फोटो काढून ठेव. रंगाच्या वेळी रिवेट उडवून कुठल्या तरी डब्यात टाकतात आणि मग तो डबा जातो भंगारात.

चोक_ओढा, मंगळवार रात्री ९:१८

आज मापं घेतली. मी, भाचा, बाबा खुर्चीवर बसून सूचना द्यायला. बातमी वाईट आहे. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २१०८ मिलिमीटर, बरोब्बर ८३ इंच, पुस्तकात आहे तेवढं. डाव्या बाजूला २०८३. एक इंच कमी! म्हणजे डेंटर बरोबर होता म्हणायचं का? बाबा म्हणतात शक्य नाही, पण बाबा स्पिटफायरबद्दल काहीही मान्य करत नाहीत.

भोसरी_लेथ, मंगळवार रात्री ९:३०

अरे बाबा मी चाक मोजायला सांगितलंच नव्हतं. चाकाच्या मध्याचं माप म्हणजे चासी अधिक टरेट (सस्पेन्शन धरणारा उभा सांगाडा) अधिक विशबोन (चाक धरणारे आडवे हात) अधिक तो दांडा, सगळ्यांची बेरीज. यातलं काहीही वाकलं तरी चाक मागे जातं. कठडा लागलाय चाकाला, त्यामुळे आधी वाकणार ते खालचं विशबोन आणि त्याचे ब्रॅकेट, आणि ते सगळं बोल्टवर आहे. टरेटसुद्धा बोल्टवरच आहे, चासीपासून सुटा होतो. चासीची भोकं मोज. ओळंबा. फुली. कर्ण.

बाबांना माझा नमस्कार सांग, ते बरोबर आहेत.

घाटमाथा_९६, मंगळवार रात्री ९:४१

ओळंबा नसेल तर जाड दोऱ्याला एक मोठा नट बांध, टोक नाही येत पण अंदाज लागतो.

भोसरी_लेथ, मंगळवार रात्री ९:४३

नट नको! नट बांधून दोन-दोन मिलिमीटरची चूक येते आणि आपण मिलिमीटरसाठीच भांडतोय. हार्डवेअरच्या दुकानात गवंड्याचा ओळंबा मिळतो, घे विकत.

चोक_ओढा, बुधवार रात्री ११:२७

मंडळी, कृपया बसून वाचा.

गवंड्याचा पितळी ओळंबा घेतला. चासीची पुढची जोडी टरेटच्या लगेच मागची, मधली एक जोडी, मागची जोडी डिफरन्शियलपाशी. फुल्या मारल्या, गाडी बाजूला ढकलली, एक चाक घासत असल्यामुळे ती ढकलायलाच गॅरेजची चार पोरं लागली आणि अर्धा तास गेला. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटरने मोठा. डावी आणि उजवी बाजू एक मिलिमीटरच्या फरकाने सारखी. उंचीत पीळ नाही म्हणावा इतका. मग टरेटच्या पुढे, बॉनेटचं बिजागर जिथे बसतं ते टोक मोजलं, तिथे मात्र डावं टोक उजव्यापेक्षा सहा मिलिमीटर मागे आणि जरासं खाली.

दरवाज्यांच्या फटी दोन्ही बाजूंना वरखाली सारख्या, डावा दरवाजा एका बोटाने लागतो.

डेंटरला फरशीवरच्या फुल्या दाखवल्या. तो उकिडवा बसला, स्वतः टेप लावला, दोनदा, मग म्हणाला, "मग विशबोन गेलंय." गेले तीन दिवस चासी चासी करणारा माणूस.

भोसरी_लेथ, गुरुवार सकाळी ७:०५

दोन मिलिमीटर म्हणजे १९६८च्या कारखान्याची चूक असू शकते. चासी सरळ आहे. ते पुढचं टोक थंड ओढून येईल, मात्र टरेट काढल्यावर आणि उरलेली चासी फरशीला जखडून, नाहीतर टोक सरळ करताना मागचं वाकडं करतील. गॅस लावू देऊ नका.

यादी साधी होते मग. डावा टरेट, डावी दोन्ही विशबोन, दोन्ही दांडे आणि ट्रनियन, सगळे बुश, टाय रॉडची टोकं. स्टिअरिंग रॅकचे रबर तर नवे लागतीलच, पण रॅक स्वतः बाकावर ठेवून सरळ आहे का फिरवून बघायचा. हे सगळं इंग्लंडमध्ये अजून नवं मिळतं, लिंकनच्या रिमर ब्रदर्सकडे किंवा कॅनलीवाल्यांकडे यादी आणि आकृत्या आहेत, आकृतीवरून नंबर घेऊन मागव. ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लबचं सभासदत्व घे जमलं तर, कुठला पार्ट चांगला आणि कुठला नकली ते तिथे कळतं. जुन्या बाजारात हेरल्डचं सामान निघतं कधीकधी, बुधवारी आणि रविवारी, पण सस्पेन्शनचं काही तिथून घ्यायचं नाही, नट-बोल्ट, दिव्यांच्या रिंगा एवढंच.

रेडिएटरवाली, गुरुवार सकाळी ९:१०

वा! आता बॉनेटचं काय?

परदेशी_पाहुणा, गुरुवार सकाळी ११:२२ (कॉव्हेंट्रीहून, मूळचा कोथरूडचा)

बॉनेट मी इथून पाठवू शकतो, पण आधी गणित ऐका. पत्रा वजनाला फार नाही, पण विमानाच्या मालाला आकारमानाने पैसे लावतात. पेटी धरा १५० बाय १४५ बाय ६० सेंटिमीटर, गुणाकार भागिले सहा हजार, म्हणजे साधारण २१७ किलोचं भाडं. त्यावर कस्टम. समुद्राने स्वस्त पडेल पण एकटी पेटी म्हणजे दुसऱ्याच्या कंटेनरमध्ये जागा शोधायची. त्यापेक्षा मी सुटे पत्रे पाठवतो, डावं मडगार्ड आणि नाकाचा खालचा भाग, हे वेगळे मिळतात, सपाट खोक्यात मावतात.

चोक_ओढा, गुरुवार दुपारी १२:४०

फायबरग्लासचं बनवून देतो म्हणून हडपसरहून एकाचा फोन आलाय, तीस टक्केच घसारा हेही त्याला माहीत होतं.

पेठेतला_पाना, गुरुवार दुपारी १:१५

मूळ स्वरूप. व्हीए. पुन्हा सांगत नाही.

भोसरी_लेथ, गुरुवार दुपारी २:००

फायबरग्लास नको, रस्त्यावर तडे जातात आणि बिजागरापाशी सुटतं. परदेशींचा मार्ग बरोबर. फक्त डावं मडगार्ड नवं, बाकी नाक आणि उजवी बाजू जुनीच ठोकून. ती जुनी लांबी सगळी काढायची, खाली काय आहे ते बघायचं, मला खात्री आहे तिथे एक ठिगळ निघेल. नवं मडगार्ड टाके घालून बॉनेट गाडीवर बसवून, दरवाज्याशी फट जुळवून, मगच पूर्ण वेल्ड. बाकावर पूर्ण वेल्ड करून आणलं तर गाडीवर बसणार नाही, हे लिहून घे. आणि गाडी चाकांवर असताना, स्टँडवर नाही.

सिंहगड रोडला धायरीच्या आत एक मिस्त्री आहेत, जुन्या अँबेसिडरची बॉनेटं अजून हाताने काढतात. नाव जाहीर टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सदाशिव_नंदी, गुरुवार दुपारी २:२०

रंग कोणता? लाल करा. स्पोर्ट्स कार लाल नसेल तर लोक तिला इंडिका समजतात.

चोक_ओढा, गुरुवार दुपारी २:४४

प्लेटवर रंगाचा कोड २६ आहे, वेजवुड, फिकट निळा. त्या लांबीवरचा दुसरा निळा थर हाच निघाला, वरचा जो आम्ही इतकी वर्षं मूळ समजत होतो तो जरा गडद आहे. आता भांडण हे की कोणता मारायचा. मला प्लेटवरचा हवाय, बाबांना "आपला" हवाय.

रेडिएटरवाली, गुरुवार दुपारी ३:०१

बाबांचा.

पेठेतला_पाना, गुरुवार दुपारी ३:०६

प्लेटवरचा. आणि कुठलाही मारा, आधी डॅशच्या खालच्या, ऊन न लागलेल्या पत्र्यावरून नमुना जुळवून घ्या, कोडवर विसंबून मिक्सिंगवाला देतो तो रंग ओला असतानाच बरोबर दिसतो.

विमाबाबा, गुरुवार दुपारी ४:३०

रंगाचं नंतर भांडा. एस्टिमेट बदलून घेतलं का? त्यात "चासी बदलणे" ही ओळ असता कामा नये. "डावीकडील पुढचं टोक सरळ करणे, मजुरी" अशी हवी. आणि त्या फरशीवरच्या फुल्यांचे फोटो टेपसकट जोडा, सर्व्हेअरला असलं काही कोणी दाखवत नाही, खूश होतो माणूस.

चोक_ओढा, गुरुवार संध्याकाळी ७:५५

बदलून घेतलं, तीन लाख चाळीस. डेंटरने "चासी" शब्द स्वतःच्या हाताने खोडला. सर्व्हेअर उद्या ११ला येतो म्हणालाय.

विमाबाबा, गुरुवार संध्याकाळी ८:०३

म्हणजे येणार दुपारी साडेतीनला. डबा घेऊन जा, आणि फुल्या कोणी झाडून काढणार नाही एवढं बघा.